दोन-दोनची जोडी : आईच्या फोनवरच्या नंबरांच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५, वाई

परवा रात्री बाबांना अचानक धाप लागली. आमच्या मागच्या खोलीत मोबाईलला रेंज नसते, म्हणून शेजारचे काका त्यांचा फोन घेऊन धावत आले. आई तिच्या स्क्रीनवरून डॉक्टरांचा नंबर वाचत होती, काका ऐकून आकडे दाबत होते. दोनदा भलतीकडेच फोन लागला. तिसऱ्यांदा काकांनी आईचा फोन हातात घेतला आणि एकेक आकडा बघत लावला. डॉक्टर आले, बाबा आता बरे आहेत. आई मात्र कालपासून एकच वाक्य म्हणते आहे, "मला साधा नंबर वाचता येईना गं."

हे मला पटत नाही. नातेवाइकांचे, दूधवाल्याचे, शाळेचे नंबर या बाईने वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवले आहेत. म्हणून आज दुपारी तिला तोच नंबर तीनदा डायरीतून आणि तीनदा फोनवरून वाचायला सांगितला. डायरीतून तिन्ही वेळा बिनचूक. फोनवरून तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळली.

या नोंदींमध्ये खरा नंबर कुणाचाच लिहायचा नाही. नमुना म्हणून १२३४५६७८९० वापरते. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, त्यामुळे हा कुणाचा मोबाईल असू शकत नाही.

आईच्या डायरीत तो असा असता : १२ ३४ ५६ ७८ ९०. ती वाचते, "बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर, नव्वद."

फोनवर तो असा दिसतो : ०१२३४५ ६७८९०. ती वाचते, "शून्य एक, तेवीस, पंचेचाळीस..." मग मधली मोकळी जागा येते. "सदुसष्ट, एकोणनव्वद..." आणि शेवटी एक शून्य एकटंच उरतं.

आकडे तेच, क्रम तोच, पण जोड्या सगळ्या फुटल्या. तिच्या डोक्यात डॉक्टर म्हणजे 'बारा चौतीस'. फोनने 'तेवीस पंचेचाळीस' नावाचा कुणी परका माणूस समोर उभा केला. अर्ध्यावर तिला शंका येते, ती मागे जाते, तोवर ऐकणाऱ्याने तीन आकडे दाबलेले असतात. परवा रात्री नेमकं हेच झालं.

आईसाठी एक छोटं ॲप लिहायचं ठरवलं. कामाचं उद्दिष्ट एका ओळीत : वाचणाऱ्याच्या तोंडात नंबर जसा बसलेला आहे तसाच तो पडद्यावर दिसला पाहिजे.

मंगळवार, ७ जानेवारी, पुणे

पुढचं ते शून्य कुठून येतं हे शोधलं. आईने नंबर साठवताना शून्य घातलेलं नाही. कॉन्टॅक्ट उघडून 'बदला' दाबलं की नुसते दहा आकडेच दिसतात. म्हणजे शून्य साठवलेलं नसून फक्त दाखवलं जातं आहे.

नंबर नीट मांडण्यासाठी गूगलची लिबफोननंबर नावाची मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, आहे आणि अँड्रॉइड ४.० पासून ती अँड्रॉइडच्या पोटातच बसवलेली आहे. प्रत्येक देशाचे नियम तिच्यात आहेत : नंबर किती आकडी, सुरुवात कशाने, मोकळी जागा कुठे. भारतीय मोबाईलसाठी नियम पाच-पाचचा आहे. नंबर मांडण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. आंतरराष्ट्रीय तऱ्हेत +९१ लागतं आणि पुढे पाच-पाच. राष्ट्रीय तऱ्हेत +९१ जातं आणि त्याच्या जागी आपल्याकडचा ट्रंक आकडा, म्हणजे शून्य, येतो. एसटीडीच्या काळातलं तेच शून्य. शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही, देशांतर्गत नंबर लिहिण्याची तीच रीत आहे. पण त्या एका शून्याने आईच्या पाचही जोड्या एकेका घराने सरकतात.

उपाय लायब्ररीतच सापडला. स्वतःचा नमुना देऊन नंबर मांडून घेण्याची सोय तिच्यात आहे. दोन-दोन आकड्यांचे पाच गट असा नमुना दिला आणि ट्रंक आकड्याचा उल्लेख टाळला, की शून्य आपोआप गळतं. संध्याकाळी १२ ३४ ५६ ७८ ९० च्या घडणीतला पहिला नंबर पडद्यावर उमटला. फोटो काढून आईला पाठवला. उत्तर आलं, "हं, हा माझा."

शनिवार, ११ जानेवारी

किती मोठं काम हातात घ्यायचं ते ठरवलं. फोनचा मुख्य डायलर, म्हणजे कॉल लावणारं-घेणारं ॲप, व्हायचं तर येणारा कॉल दाखवणं, उचलणं, ठेवणं, आणीबाणीचा कॉल लावणं हे सगळं आपल्या अंगावर येतं. त्यात माझी एक चूक म्हणजे आईचा फोन न लागणं. तेवढी जोखीम एकटीने घ्यायची नाही. म्हणून माझं ॲप फक्त यादी दाखवेल, आणि नाव दाबलं की नंबर फोनच्या नेहमीच्या डायलरकडे देईल. कॉल लावायचा की नाही ते आई तिथे हिरवं बटण दाबून ठरवेल. यासाठी कॉल करण्याची परवानगीही मागावी लागत नाही, संपर्क वाचण्याची तेवढी पुरते.

आजची चूक लिहून ठेवते, कारण ती सहज होते. +९१ काढण्यासाठी मी घाईत स्वतःच दोन ओळी लिहिल्या : नंबर ९१ ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे काढा. मावशीचा मोबाईलच ९१ ने सुरू होतो. तिचा नंबर आठ आकडी झाला. त्या ओळी पुसल्या आणि नंबर ओळखण्याचं काम पूर्णपणे लायब्ररीवर सोपवलं. तिला 'भारत' हा मूळ देश सांगितला की दहा आकड्यांमधलं ९१ आणि बारा आकड्यांमधलं ९१ यांतला फरक ती स्वतः ओळखते.

यापुढे नियम : साठवलेल्या नंबराला हात लावायचा नाही. बदल फक्त दिसण्यात.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत, वाई

तिळगुळाच्या निमित्ताने घरी आले आणि पहिला बिल्ड, म्हणजे ॲपची पहिली चालती आवृत्ती, आईच्या फोनवर टाकला. जोड्या बघून ती खूश झाली, पण एक नंबर तिने चुकवला. इंग्रजी नऊला ती "एक" म्हणाली.

कारण लगेच दिसलं. तिच्या फोनची भाषा मराठी आहे. मराठीसाठी आकड्यांची मूळ लिपी देवनागरी धरलेली असते, त्यामुळे घड्याळ, तारीख, बॅटरीचे टक्के असं बरंच काही तिला देवनागरीत दिसतं. फोन नंबर मात्र संख्या म्हणून साठवत नाहीत, तो अक्षरांची ओळ म्हणून राहतो. त्याचं रूपांतर कुणी करत नाही आणि तो इंग्रजी आकड्यांतच राहतो. एकाच पडद्यावर दोन लिप्या. त्यात आपला १ बराचसा इंग्रजी नऊसारखा दिसतो. घड्याळात १ बघून डोळा खाली नंबरावर आला की इंग्रजी नऊचा एक व्हायला वेळ लागत नाही.

लिपी एकच हवी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "देवनागरीच ठेव. डायरीत मी तशीच लिहिते." बाबांना विचारलं, "तुम्हाला कोणते आकडे हवेत?" त्यांना इंग्रजी हवेत, बँकेत आयुष्य गेलं त्यांचं. दोघांसाठी निवड ठेवली, पण एका वेळी संपूर्ण ॲपमध्ये एकच लिपी चालेल. तारीखसुद्धा त्याच लिपीत.

देवनागरी आकडे डायलरकडे पाठवायच्या आधी इंग्रजीत बदलून घेतले. उलट दिशेचा धोकाही आहे : फोनची भाषा मराठी असताना एखादी संख्या साच्यात घालून मजकूर बनवला, तर आपण न सांगताही ती देवनागरीत येते. नंबराच्या चाचण्यांमध्ये माझा अर्धा तास यातच गेला. जिथे यंत्राला वाचायचं आहे तिथे भाषा स्पष्टपणे ठरवून द्यायची.

रविवार, १९ जानेवारी, वाई

आज दिवसभर आईची डायरी आणि लँडलाईन.

आपल्या नंबरयोजनेची एक गोष्ट मला फार सुबक वाटते. सुरुवातीचं शून्य सोडलं तर एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून आकडे नेहमी दहाच. पुण्याचा कोड २०, मुंबईचा २२, मग पुढे आठ आकडे. कोल्हापूर २३१, नाशिक २५३, नागपूर ७१२, गोवा ८३२, पुढे सात. सातारा २१६२, वाई २१६७, रत्नागिरी २३५२, पुढे सहा. गाव जेवढं मोठं तेवढा कोड आखूड, कारण तिथे नंबर जास्त लागतात.

मग जोड्या कुठून मोजायच्या? वाईचा सहा आकडी नंबर तीन जोड्यांत छान बसतो. पुण्याचा आठ आकडी चार जोड्यांत. कोल्हापूरच्या सात आकड्यांचं काय? आईची पद्धत ऐकून लिहून घेतली : पहिला आकडा सुटा, मग तीन जोड्या. "दोन, बासष्ट, चाळीस..." अशी. डायरीतही तिने पहिल्या आकड्यानंतर बारीक रेघ मारली आहे. सात आकड्यांसाठी तोच नियम घेतला. कोड वेगळा, फिकट, आणि शून्यासकट, कारण लँडलाईनचा कोड लोक शून्य लावूनच म्हणतात. 'शून्य वीस' म्हणजे पुणे. 'वीस' म्हटलं तर कुणाला कळणार नाही.

डायरीत काही नंबर ९५ ने सुरू होणारे निघाले : ९५२०, ९५२३१, ९५२१६२. मला आधी ते मोबाईल वाटले. बाबांनी सांगितलं. मध्यंतरी राज्यातल्या राज्यात जवळच्या गावी फोन करताना शून्याऐवजी ९५ लावायचे, ते स्वस्त पडायचं. ती पद्धत कधीच गेली, नंबर मात्र डायरीत आणि तिथून आईच्या फोनमध्ये आलेले आहेत. यांच्यात आकडे बारा, त्यामुळे मोबाईलशी गल्लत होत नाही. पण कुणी चुकून पुढे अधिकचं चिन्ह लावलं तर तो म्यानमारचा नंबर होतो, तिथला देशसंकेत ९५ आहे. अशा नंबरांना ॲपमध्ये "जुनी पद्धत, ९५ ऐवजी ० लावून बघा" अशी खूण दिली. आपोआप दुरुस्ती केली नाही. त्यातले काही नंबर आता अस्तित्वात नसतील, काही माणसंही नाहीत. आईला ते पुसायचे नाहीत आणि मीही पुसणार नाही.

रविवार, २६ जानेवारी, वाई

आईचं हळदीकुंकू. वाण म्हणून तिने स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. मी पुठ्ठ्याचे तीन पत्ते केले : एकावर नंबर सलग, एकावर पाच-पाच, एकावर दोन-दोन. येणाऱ्या प्रत्येकीला म्हटलं, "काकू, एवढं मोठ्याने वाचून दाखवता का?"

आईच्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांनी तिन्ही पत्ते जोडीनेच वाचले. पाच-पाचच्या पत्त्यावर "बारा, चौतीस, पाच" म्हणून थांबल्या. काहींनी तो उरलेला पाच पुढच्या गटातल्या सहाला जोडून "छप्पन्न" केला आणि मधल्या मोकळ्या जागेकडे पूर्ण दुर्लक्ष केलं. म्हणजे ती जागा त्यांच्या कामाची नव्हतीच, उलट अडथळा होती. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, "आमच्या गावाला पाच आकडी नंबर होता, दोन-दोन-एक म्हणायची सवय तेव्हाची."

तरुण मुलींचं वेगळं. त्यांनी सरळ इंग्रजीत वाचलं, एकेक आकडा, आणि एकसारखे दोन आले की 'डबल'. त्यांना पाच-पाच सोयीचं वाटलं, दोन-दोनने उलट तुटक वाटतं म्हणाल्या. शाळकरी भाची तर सलग पत्ताही घडाघडा वाचून गेली.

यातून एक निर्णय पक्का झाला. दोन-दोन हा सगळ्यांसाठीचा उपाय नाही. ॲप पहिल्यांदा उघडलं की तीन नमुने दाखवायचे आणि विचारायचं, "यातला कोणता तुम्ही अडखळल्याशिवाय वाचता?" पाच-पाच, दोन-दोन, किंवा तीन-तीन-चार. निवडा आणि संपलं. सेटिंगच्या पाचव्या पानावर लपवायचं नाही.

छोटे नंबर आज बायकांच्या बोलण्यातूनच सुटले. ॲम्ब्युलन्स म्हणजे 'एकशे आठ', पोलीस 'शंभर नंबर', आता 'एकशे बारा'. सायबर फसवणुकीचा १९३० 'एकोणीस तीस'. टोल फ्री 'अठराशे'. तीन आकडी नंबर फोडायचेच नाहीत, १९३० दोन जोड्यांत, आणि १८०० हा गट अखंड. बोलण्यात जे अखंड आहे ते पडद्यावर तोडलं तर ओळखच जाते.

रविवार, २ फेब्रुवारी, पुणे

आज विचार ऐकणाऱ्याचा. आईची बाजू सुधारली, पण त्या रात्री काकाही चुकले होते. त्यांना फोन करून विचारलं, "काका, तुम्हाला आठवतंय, कुठे चुकलं?" ते म्हणाले, "अगं, तुझी आई 'त्रेसष्ट' म्हणाली की माझं बोट आधी तीनवरच जातं."

हे ऐकून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्या भाषेत जोडाकड्याचं नाव एककापासून सुरू होतं. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र सहा आधी. कागदावर लिहिताना हात थांबून पूर्ण शब्द ऐकतो, फोनवर बोट थांबत नाही. त्रेसष्टचा छत्तीस होतो. त्यात 'एकोण'ची भर : एकोणसाठ ऐकलं की मन साठात जातं आणि आकडा असतो पन्नाशीतला. खराब लाईनवर बावन्न आणि ब्याण्णव, पंचावन्न आणि पंचाण्णव यांतला फरक तर जवळपास पुसलाच जातो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि त्यावर केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा मलाही ती पद्धत कानाला खटकली होती. आज त्यामागची अडचण काकांच्या बोटाने मला दाखवली. तरी आईने 'त्रेसष्ट' म्हणणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. तो शब्द तिची स्मरणशक्ती आहे.

म्हणून 'वाचून द्या' नावाचा एक पडदा केला. नाव दाबून धरलं की एका वेळी एकच जोडी दिसते, पूर्ण रुंदीभर मोठी. खाली दोन ओळी : "त्रेसष्ट" आणि "सहा, तीन". आई दोन्ही म्हणेल. पडद्यावर कुठेही दाबलं की पुढची जोडी. वर पाच ठिपके, कितवी जोडी चालू आहे ते कळायला. ऐकणारा "काय, काय?" म्हणाला तर डावीकडचा बाण मागे नेतो.

शून्य ते नव्व्याण्णव शंभर शब्द हाताने लिहिले. ०५ साठी "शून्य पाच", ०० साठी "दोन शून्य". आई फोनवर शंभरही शब्द तपासून गेली. ८७ ला मी टंकताना एक त कमी टाकला होता, तोही तिने पकडला.

रविवार, ९ फेब्रुवारी

परदेशातले नंबर. भाऊ न्यू जर्सीत असतो. आई मागच्या वर्षी तिकडे गेली तेव्हा तिथल्या ओळखीच्या दोघी-तिघींचे नंबर तिने तिकडच्या पद्धतीने नुसते दहा आकडी साठवले. अमेरिकेतही नंबर दहाच आकडी. तिथला ७३२ चा एरिया कोड भारतात आल्यावर ७ ने सुरू होणाऱ्या मोबाईलसारखा दिसतो. लायब्ररीही त्याला भारतीय मोबाईल समजते, आणि दहा आकड्यांवरून ते ओळखायचा दुसरा मार्ग नाही. शेवटी नियमावर विसंबण्याऐवजी आईला विचारलं, आणि तिच्यादेखत त्या नंबरांच्या आधी +१ घातला. साठवलेल्या नंबराला हात लावायचा नाही हा माझाच नियम तिच्या संमतीने इथे मोडला.

देशसंकेताबद्दल ठाम भूमिका : फक्त +९१ लपवायचं. बाकी कुठलाही संकेत ठळक, आणि अधिकच्या चिन्हासकट. ते चिन्ह गळलं तर +९२ म्हणजे पाकिस्तान आणि ९२ ने सुरू होणारा आपल्याकडचा मोबाईल यांत फरक उरत नाही. अनोळखी परदेशी मिस्ड कॉलला उलटा फोन करायला लावून पैसे खाणारे असतात, तेव्हा परका नंबर परका दिसलाच पाहिजे. त्याला सुबक जोड्यांत बसवून घरचा करायचा नाही. परदेशी नंबर त्या त्या देशाच्या पद्धतीनेच मांडते : अमेरिकेचा तीन-तीन-चार, बाकीचे लायब्ररी सांगेल तसे.

त्याच ओघात : दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये १६० ने सुरू होणारी मालिका बँका वगैरेंच्या सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी ठेवली, १४० ची जाहिरातींसाठी आहे. दोन्हींना नंबराखाली एका शब्दाची खूण दिली. आईला हे वेगळं समजावलं, कारण "बँकेतून बोलतोय" म्हणणारा साध्या दहा आकडी मोबाईलवरून बोलत असेल तर सावध व्हायचं, हे नंबराच्या रूपावरूनच कळतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

कॉलेजातला मित्र दृष्टिहीन आहे, टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, फोन चालवतो. त्याला बिल्ड दिला. त्याचा फोन आला, "तुझं ॲप मला 'एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद' असं सांगतंय." मोकळी जागा नसलेल्या मांडणीत वाचक यंत्राने नंबर ही संख्या समजून वाचली होती.

अँड्रॉइडमध्ये मजकुराच्या तुकड्यावर 'हा टेलिफोन नंबर आहे' अशी खूण लावता येते, ती लावली. पण त्याची मागणी पुढची होती. त्याला एकेक आकडा हवा, आणि पाच आकड्यांनंतर क्षणभर थांबा. "मला लिहून घ्यायचं नसतं, लक्षात ठेवायचं असतं," तो म्हणाला. म्हणून दिसण्याची मांडणी आणि ऐकण्याची मांडणी या दोन वेगळ्या निवडी केल्या. दोन दिवसांनी त्याने परत तपासून होकार दिला. हे सुरुवातीलाच त्याला द्यायला हवं होतं, दीड महिना उशीर झाला.

रविवार, २३ फेब्रुवारी, वाई

शून्य परत आलं.

बाबांना घरच्या लँडलाईनवरून मोबाईलला फोन करायची सवय आहे, मागच्या खोलीत तोच चालतो. आज त्यांनी माझ्या ॲपमध्ये बघून डॉक्टरांचा नंबर लँडलाईनवर लावला आणि तो लागला नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून कोणत्याही मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. मी मोठ्या हौसेने जे शून्य काढून टाकलं, तेच या घरात अजून रोज लागतं. मी पुण्यात राहते, माझ्याकडे लँडलाईन नाही, म्हणून मला हे सुचलंही नाही.

शून्य पुन्हा पाच जोड्यांच्या रांगेत घालणं नाही. मोबाईल नंबराच्या डावीकडे एका गोलात ०, आणि खाली बारीक अक्षरांत "घरच्या फोनवरून आधी शून्य". गोल आणि पहिली जोडी यांत दोन जोड्यांमधल्या अंतराच्या तिप्पट अंतर. आईने वाचून दाखवलं : "शून्य. आणि मग बारा, चौतीस..." मधे श्वास घेतला. तो श्वासच मला हवा होता. ज्यांच्या घरी लँडलाईन नाही त्यांना गोल बंद करता येईल.

रविवार, ९ मार्च

थोडक्यात. जोड्यांमधली जागा मी आतापर्यंत खऱ्या मोकळ्या अक्षराने करत होते. आईने नंबर उचलून एका बिलाच्या फॉर्ममध्ये चिकटवला. फॉर्म दहा अक्षरंच घेतो, त्यामुळे मोकळ्या जागा धरून दहा झाले आणि आत सातच आकडे गेले. आता अक्षर न घालता दोन आकड्यांमधलं अंतरच वाढवलं आहे. दिसतात जोड्या, कॉपी होतात सलग दहा इंग्रजी आकडे.

अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवला की पाचवी जोडी खालच्या ओळीत घसरायची, कधी तर जोडीच मधोमध तुटायची. आता जागा कमी पडली तर वर तीन जोड्या, खाली दोन. जोडी तोडायची नाही. आकड्यांची रुंदी सारखी केली, म्हणजे यादीत जोड्या एकाखाली एक येतात. रंगांनी जोड्या वेगळ्या करून बघितल्या आणि सोडून दिल्या. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला तो फरक दिसतच नाही.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा, वाई

तीन आठवडे ॲप आईच्या रोजच्या वापरात आहे. सकाळी गुढी उभारून झाल्यावर काकांना बोलावलं आणि ३ जानेवारीच्या रात्रीचीच परीक्षा पुन्हा घेतली. आई मागच्या खोलीतून वाचणार, काका ओसरीवर त्यांच्या फोनवर दाबणार. सहा नंबर दिले, सगळे मोबाईलचे. सहाही पहिल्याच फटक्यात बरोबर. चौथ्या नंबराला काकांनी "पुन्हा सांगा वहिनी" म्हटलं, आई बाणाने एक जोडी मागे गेली आणि "त्रेसष्ट, सहा तीन" म्हणाली.

राहिलेलं काम : येणाऱ्या कॉलच्या पडद्यावर नंबर अजून जुन्याच रूपात दिसतो. त्यासाठी मुख्य डायलर व्हावं लागेल. एकटीने नाही, ऑफिसमधल्या दोघांनी बरोबर यायची तयारी दाखवली आहे. बाबांची पाच-पाच आणि इंग्रजी आकड्यांची निवड ॲप अपडेट झाल्यावर विसरली जाते, ते या आठवड्यात.

दुपारी जेवणं झाल्यावर आई नव्या वर्षाची डायरी घेऊन बसली. पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर पाच जोड्यांत लिहिला, डावीकडे एक शून्य काढलं आणि त्याभोवती गोल केला.